थंड करून, रिकाम्या पोटी

नाशिक, ४ मार्च २०२५

ज्योत्स्ना, आणि भाकरी थापता थापता हे पत्र ऐकणाऱ्या चतुरामावशी,

आपल्या तिघींचं दुखणं एकच आहे. आपल्याला आपल्याच फ्रीजमधून बाहेर काढलंय.

हे मी भाषणातलं वाक्य म्हणून लिहीत नाही. आज सकाळी द्वारका चौकात ओमच्या दुकानात गेले होते. दारातच आपण दिलेला काचेचा फ्रीज, वर आपल्या हिरव्या अक्षरांत ‘तरारी’. आणि आत वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत ‘धडाका’. लाल प्लॅस्टिकची, दहा रुपयांची ती बाटली. आपल्या काचेच्या बाटल्या बाहेर फरशीवर, झाडूशेजारी, उन्हात. मावशी, तुमच्या देवळ्याच्या स्वयंपाकघरात, तुमच्या पातेल्यात शिजलेलं नागली-गुळाचं पेय. नऊ वर्षं आम्ही दोघींनी ते सांभाळलं आणि आता ते झाडूच्या शेजारी आहे.

मी ओमला विचारलं, “हा फ्रीज कुणाचा?”

“फ्रीज तुमचा, मॅडम. वीज माझी. आणि माझी वीज जे विकलं जातं तेच गार करते.”

पाच हजार माणसांसमोर विनामाईक बोलले आहे मी. ओमला द्यायला मात्र उत्तर सापडलं नाही. रिक्षात बसल्यावर सापडलं, तोवर द्वारका मागे पडली होती.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही पत्रं. मनोजचा टेम्पो आठवड्यातून एकदा सटाण्याला जातो, वाटेत तो देवळ्याला तुझ्या दारात थांबेल. तू त्याच्याशी तरी बोलशील, कारण तुझं भांडण टेम्पोशी नाही.

कामाचं सांगते. धडाकावाल्यांचा माणूस आला होता, महेशराव नावाचा. त्यांना आपलं नाव हवंय, फक्त नाव. कारखाना नको, नागली नको, नागलीला मोड आणणाऱ्या पेठच्या बाया नकोत. ‘तरारी’ हे नाव त्यांच्या लाल पाण्यावर चिकटवायचं आणि दुकानात ठेवायचं. दोघींच्या सह्या लागतात, दहा एप्रिलपर्यंत. मी त्याला दारातूनच परत पाठवला.

बाकी कारखान्यात सगळं ठीक आहे. देवळाली कॅम्पला सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांची धावण्याची शर्यत आहे, सहाशे बाटल्यांची ऑर्डर मिळाली. पेठच्या पाड्यावरची धोंडाबाई तुझी आठवण काढते.

त्या मेळाव्यात मी जे बोलले ते बोलण्याच्या ओघात बोलले. ओघात माणूस बोलून जातो.

मोहिनी


नाशिक, ११ मार्च

ज्योत्स्ना,

मनोज म्हणाला, तू पत्र घेतलंस आणि डब्यावर ठेवलंस.

“कुठल्या डब्यावर?”

“तांदळाच्या.”

“उघडून ठेवलं की बंद?”

“ताई, मी टेम्पो चालवतो, सीआयडीत नाय.”

शर्यत झाली. मुलं छान धावली. बाटल्यांबद्दल एकदोन तक्रारी आल्या, उन्हाळा सुरू झाला की येतातच. मनोज त्याबद्दल काही बोलला असेल तर मनावर घेऊ नकोस, त्याला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे.

आज दिवसभर मी कारखान्यात नुसती येरझारा घालते आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही. मुलांना इतिहास शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारायचे: गिरणीचं स्वस्त कापड आलं तेव्हा सगळे विणकर का नाही मेले? काही का टिकले? मुलं म्हणायची, त्यांचं कापड भारी होतं म्हणून. मी म्हणायचे, चूक, भारी कापड विणणारे तर आधी मेले, कारण त्यांचं गिऱ्हाईक राजवाड्यात होतं आणि राजवाडे बुडाले. टिकला तो विणकर, ज्याचं लुगडं शेजारीण रोज नेसायची.

बावीस वर्षं शिकवलं हे. स्वतःच्या धंद्याबाबत एकदाही आठवलं नाही. साठ रुपयांची बाटली, सोनेरी झाकण, मॉलमधली जागा. राजवाडाच तो.

तू हे मागच्या दिवाळीतच सांगितलं होतंस, तेही कसलाही इतिहास न वाचता. आपल्या टेबलावर एक बाटली उघडलीस, पेय माझ्या पेल्यात ओतलंस, रिकामी बाटली माझ्यासमोर धरलीस आणि म्हणालीस, “ताई, गिऱ्हाईक पैसे मोजतं ते याचे.” मी तेव्हा काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

आठवतं. मी हसले होते.

मोहिनी


नाशिक, १७ मार्च

ज्योत्स्ना,

म्हणजे मनोजने सांगितलंच. आणि तू हसलीस म्हणे. हस. मला बरं वाटलं, खरंच.

तर आता माझ्या तोंडून ऐक. मैदानाच्या कडेला मांडव, बर्फाच्या टबात आपल्या सहाशे बाटल्या, आणि भाषणाला अर्थातच मी. या मातीतली नागली, डोंगरातल्या बायांचे हात, परदेशी डबे आणि लाल पाणी यांच्याविरुद्धची आपली लढाई, सगळं बोलले. टाळ्या पडल्या. मग मुलं धावून आली, घामाने निथळत. पहिला आला तो त्र्यंबककडचा काटक मुलगा. त्याने बाटली उघडली, तोंडाला लावली, मान मागे केली. काही नाही. बाटली उलटी धरून हलवली. तरी काही नाही. मग माझ्याकडे वळून अतिशय आदराने विचारलं,

“मॅडम, चमचा आहे का?”

सगळं मैदान हसलं. ज्योत्स्ना, सहाशेच्या सहाशे बाटल्यांत खीर झाली होती. गरम भरताना पाण्यासारखी पातळ होती, बर्फात गेली आणि गोठली. मांडवाच्या पलीकडे एक जण खोक्यातून धडाका वाटत होता. मुलं तिकडे गेली. मी माईक हातात धरून उभी होते आणि तो चालू होता.

तुझा नेम मला पाठ आहे. प्रत्येक घाण्याची एक बाटली तू घरी न्यायचीस, रात्रभर थंड करायचीस आणि सकाळी चहाच्या आधी, रिकाम्या पोटी प्यायचीस. त्यानंतरच फोन यायचा, “मनोज, भर गाडी.” नऊ वर्षांत तू आजारी असतानाही तो फोन चुकला नाही. मी गंमत करायचे, आमच्या कंपनीची प्रयोगशाळा म्हणजे ज्योत्स्नाची जीभ. तू गेल्यावर मला वाटलं, जिभा काय, सगळ्यांनाच असतात.

माझीही आहे. पण मी ती बाटली थंड केली नाही. गरम असतानाच चमचाभर चाखली आणि गाडी भरायला सांगितली. घाई होती.

खीर का झाली ते अजून नक्की कळलं नाही. नागलीला मोड नीट आले नसतील. गारठा असेल.

मोहिनी


नाशिक, २४ मार्च

ज्योत्स्ना,

मार्चमध्ये कसला गारठा? ‘गारठा असेल’ हे वाक्य लिहिल्यापासून मला झोप नीट लागत नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा वाचण्यासाठी पत्र परत मागावं असंही मनात आलं. आज ते वाक्य खोडते.

पेठजवळच्या त्या पाड्यावर नागलीला मोड कसे आणतात ते तुला सांगायला नको, पण मला स्वतःला ते पुन्हा लिहून बघायचं आहे. रात्रभर भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधायची, तीन दिवस तशीच ठेवायची. आणि ज्या बाईने गाठ बांधली तिनेच ती सोडायची. दुसरीने हात लावायचा नाही. मी याला श्रद्धा समजायचे आणि भाषणात कौतुकाने सांगायचे. तू एकदा म्हणाली होतीस, “ताई, ही श्रद्धा नाही, जबाबदारी आहे. गाठ जिची, मोडाला जाब तिचा.”

शर्यतीच्या घाईत मी दुसऱ्याच दिवशी पाड्यावर पोचले. धोंडाबाईने एक फडकं कानाजवळ नेलं, हाताने दाबलं आणि खाली ठेवलं.

“उद्या,” ती म्हणाली. “अजून डोळं नाय उघडलं त्यानं.”

मी तिला समजावलं. म्हणजे भाषण केलं. मोठ्या कंपन्या कशा आपल्याला गिळायला टपल्या आहेत, एक दिवस उशीर झाला तर ऑर्डर कशी जाईल, आणि ऑर्डर गेली तर पाड्यावरच्या बावीस बायांचं काम कसं जाईल. पाऊण तास बोलले. मैना, तिची सून, ओट्यावर बसून ऐकत होती. धोंडाबाई शेवटपर्यंत ऐकून म्हणाली,

“बाय, तू बोलतेस लय झ्याक. पण मोडाला कान नसतात.”

मग मी खाली बसले आणि गाठी सोडायला लागले. माझ्या हाताने. एकेक फडकं. कुणी मला अडवलं नाही. बावीस बाया बघत उभ्या होत्या. मैनाने तेवढा पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

अर्ध्या मोडाच्या नागलीचं पीठ गरम असताना वाहतं आणि गार झालं की गोठतं. हे तू मला कितीदा शिकवलंस. म्हणजे खीर माझ्या हाताने झाली. कारखान्याने नाही, उन्हाने नाही, धडाकाने तर नाहीच नाही.

आता दुसरं. महेशरावांना मी दारातून परत पाठवलं असं लिहिलं होतं. पाठवलं नव्हतं. चहा दिला होता आणि कागद ठेवून घेतला होता. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी मैदानावरून आले, चपलाही न काढता टेबलाशी बसले आणि सही केली. तो कागद आता महेशराव तुझ्याकडे घेऊन आले असतील. खाली माझी सही आहे, ती खरी आहे. तारीखही मीच घातली आहे. उरलेली जागा तुझी.

हे मी आधी लिहायला हवं होतं. चौथ्या पत्रात लिहिते आहे.

मोहिनी


नाशिक, ७ एप्रिल

ज्योत्स्ना,

मनोज म्हणतो, मागच्या पत्राच्या वेळी तू त्याला पाणी विचारलंस आणि “ताई जेवते का वेळेवर?” असंही विचारलंस. मी त्याला म्हटलं, हे तू आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “तुम्ही डब्याचंच विचारता.”

हे पत्र लांबेल. कागद संपला तरी बोलणं संपत नाही ही माझी खोड तुला माहीत आहे. पण हे शेवटचं आहे.

२७ तारखेला मी देवळ्याला आले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. मी उतरले नाही, धीर झाला नाही. मनोजला म्हटलं, बाजार समितीकडे घे.

उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली आहे, ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत होती. हमालांच्या पाठी मातीने लाल झालेल्या, आणि शेडच्या कडेला रिकाम्या धडाकांचा ढीग. मी तिथे उभी राहून विचारलं, इथे सोमाभाऊंना ओळखणारं कुणी आहे का? एका म्हाताऱ्याने पाठीवरची गोणी खाली टाकली.

“सोमाभाऊ? ते माझ्या जोडीला होते वीस वर्षं. तुम्ही कोण?”

त्याचं नाव दत्तू. मी नाव सांगितलं तसं त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“म्हंजे सोमाभाऊच्या पोरीसंगं ते बाटलीचं काम करतात त्या. द्वारकेला भाषण केलं त्या.”

ते इथपर्यंत आलं होतं तर.

ज्योत्स्ना, गेले तीन महिने मी त्याला ‘जे बोलले ते’ म्हणते आहे. आज ते वाक्य लिहिते. दुकानदारांचा मेळावा, द्वारकेजवळचा हॉल, चारशे माणसं. त्याच्या आदल्याच दिवशी तू मला म्हणाली होतीस की काच आणि सोनेरी झाकण सोडू, तेच पेय स्टीलच्या कॅनमधून ग्लासावर विकू, पंधरा रुपयांत परवडेल, हमाल पितील. आणि मी स्टेजवरून म्हणाले, “काही लोकांची झेपच दहा रुपयांची असते. अशी दहा रुपयांची माणसं आमच्या घरातही आहेत.” हॉल हसला. तू तिसऱ्या रांगेत होतीस. सोमाभाऊंची मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती आणि मी टाळ्या घेत होते.

ते ओघात नव्हतं. वाक्य मला आदल्या दिवशीच सुचलं होतं. मी ते जपून ठेवलं होतं.

मी दत्तूभाऊंसमोर मान खाली घालून उभी राहिले. तो म्हणाला, “आम्हीच ती, ताई. दहा रुपयांची माणसं.” मग शेडभर हात फिरवून हसला. “पन आम्हाला मोजायला घेतलं तर लय भरतो बरं!”

आजूबाजूचे सगळे हसले. ओम, महेशराव आणि सगळा मेळावा मला जे समजावू शकला नाही ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

मी पिशवीतून आपली बाटली काढून दिली. जुन्या चांगल्या घाण्याची होती, तू पास केलेली. त्याने घेतली नाही.

“ही हातात धरली का मला पावना झाल्यागत वाटतं. डाग पडंल का काय याचंच भ्या. गिलासात वता.”

त्याच्याच जेवणाच्या डब्यातल्या स्टीलच्या पेल्यात मी ओतलं. तो एका दमात प्यायला, पेल्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्याला हाक मारली, “अरे वाल्मीक, हे बघ, हे पोटात बसतं. त्या लाल्यानं नुसतं डोकं पळतं, तिसऱ्या बाटलीला हात कापाया लागतात.” वाल्मीकने विचारलं, केवढ्याला? मी म्हटलं, पंधराला ग्लास. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“रोज मिळंल?” दत्तू म्हणाला. “का तुमी भाषण करून जाल?”

देवळ्याहून निघाले ती थेट पेठला गेले.

धोंडाबाईच्या ओट्यावर जाऊन मी म्हटलं, माझं चुकलं. एवढंच. पुढचं वाक्य गळ्यापर्यंत आलं होतं, ते गिळलं. तिने भिजवायला नागली घातली. २८ तारखेच्या सकाळी तिने एक ओलं फडकं माझ्या हातात दिलं.

“तूच बांध. तूच सोड. मंग कळंल.”

तीन दिवस मी त्या पाड्यावर राहिले. मला तीन मिनिटं बसवत नाही हे तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी मी फडक्याभोवती वीसदा फेऱ्या मारल्या. मैना म्हणाली, “ताई, ते काय पळून नाय जायाचं.” दुसऱ्या दिवशी हात शिवशिवला, पोरांना गोष्टी सांगत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाई म्हणाली, आता. मी गाठ सोडली. आत दाण्यादाण्याला पांढरा मोड होता, आणि वास आला तो पहिल्यांदा मावशींच्या स्वयंपाकघरात आला होता तो. बावीस बाया माझ्याकडे बघत होत्या. मी नागली पसरायला घेतली.

सावलीत वाळवली, मोड चोळून काढले, भाजली, दळली. काल घाणा शिजला.

आता मी काय मानते ते सांगते. आपलं पेय महाग आहे हे खोटं आहे. आपला पोशाख महाग आहे. धडाकाशी दहा रुपयांत भांडायला गेलो तर नागली जाईल, गूळ जाईल, आणि उरेल ते लाल पाणी. साठ रुपयांत अडून बसलो तर झाडूशेजारीच राहू. मधली वाट एकच आहे आणि ती तू दाखवली होतीस: पेय जसंच्या तसं ठेवायचं, काच उतरवायची, आणि जो घाम गाळतो त्याच्याच पेल्यात ओतायचं. ओमच्या फ्रीजची गरज उरत नाही. आपली वीज, आपला बर्फ, आपला कॅन. टिकू की नाही, मला माहीत नाही. हे वाक्य मी कुठल्याच व्यासपीठावर उच्चारलेलं नाही, म्हणून तुला लिहून देते.

मनोजने टेम्पोत चार स्टीलचे कॅन बसवले आहेत. बाहेर अजून काही लिहिलेलं नाही. परवा, बुधवारी, ते देवळ्याच्या बाजारात दत्तूभाऊंच्या शेडपाशी उभे करायचे आहेत. पण मी गाडी भरणार नाही. तो हक्क माझा नाही, हे मी सहाशे बाटल्या गोठवून शिकले.

या पत्रासोबत मनोज तुला एक बाटली देईल. याच घाण्याची आहे. लेबल नाही, सोनेरी झाकण नाही, साधं पत्र्याचं आहे.

कागद तुझ्याकडे आहे आणि परवानंतर एकच दिवस उरतो. चव बिघडलेली असेल तर खुशाल सही कर, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. पण त्या आधी एवढं कर. मंगळवारी रात्री ही बाटली फ्रीजमध्ये ठेव. बुधवारी सकाळी, चहाच्या आधी, रिकाम्या पोटी ती पी. आणि नऊच्या आत फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मनोजला कर. तो टेम्पोत बसून वाट बघत असेल. त्याला फक्त सांग, गाडी भरायची की नाही.

मोहिनी